समुद्रातल्या नांग्या

भोकरदनहून समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तरी इथल्या केळणा नदीचं पाणी पूर्णेत जातं, पूर्णेचं गोदावरीत, गोदावरीचं बंगालच्या उपसागरात. नदीकाठच्या माणसाला समुद्र लांब असतो, परका नसतो.

आमच्याकडे सरकी टोकली की काही दिवसांनी शेतकरी तासांतून फिरतो. उगवलेलं तो नजरेखालून घालतो, थांबतो मात्र नांग्यांपाशी. रोप यायला हवं होतं आणि आलं नाही, अशा त्या जागा.

7 ऑगस्ट 2010. मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे 800 टन तेल पाण्यात गेलं. नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर होती. उरणकडची काळवंडलेली कांदळवनं सगळ्यांनी पाहिली.

कोपेपॉड कुणाला दिसणार? समुद्राच्या पाण्यात तरंगणारा, खसखशीच्या दाण्याएवढा जीव. त्याच्यावर तारली आणि बांगडा पोसतात, त्यांच्यावर कोळीवाडे.

त्याचा देह काचेसारखा, म्हणून शिकारी फसतो. पण तेलातली काही विषं अंगात मुरली की ऊन त्या काचेतून थेट आत पोचतं आणि विष जहाल होतं. लपण्याची कलाच घात करते.

तो मेला की बुडतो, नाहीतर कुणाच्या तोंडी जातो. प्रेत नाही, पंचनामा नाही. उरतं गणित.

1945 मध्ये पॅट्रिक लेस्ली यांनी अशा हिशेबाची कोष्टकं मांडली: आज कोणत्या वयाचे किती, त्यातले उद्या किती टिकतील, मादीमागे पिल्लं किती. कोपेपॉडसाठी वयाऐवजी अवस्था धरतात. अळीच्या सहा (नॉप्लियस), पिल्लाच्या पाच (कोपेपोडिट), मग प्रौढ, अशा बारा पायऱ्या. संगणकातल्या समुद्रात तेल सोडतात. प्रवाह त्याला वाहून नेतो, वारा आपल्या वेगाच्या साधारण तीन टक्क्यांनी ढकलतो. प्रत्येक पायरीवर विचारतात, इथं किती गळले? मग तोच समुद्र तेलाविना चालवून पाहतात. दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे नांग्या.

जी मादी जगली, पण जिची अंडी फुटलीच नाहीत, तिला मृतांच्या कोणत्या यादीत लिहाल? संगणकातलं हे मॉडेल तिला लिहून ठेवतं. मला त्याचं मोल इथं वाटतं.

मृगातला पाऊस आणि वेचणीतला पाऊस यांचं माप एकच असलं तरी फळ एक नसतं. तेलाचंही तसंच. अंड्यांच्या बहरात सांडलेलं तेल वेगळं.

समुद्र भरून काढतो, असं म्हणतात. पुष्कळदा काढतोही, उबदार पाण्यात कोपेपॉडची पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. पण माशाच्या पिल्लाला भूक त्याच आठवड्यात लागलेली असते. दुबार पेरणी उगवते, हंगाम मात्र मागे गेलेला असतो. भरून आलं आणि नुकसान झालं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. आमच्या शिवारात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

किती दाणे टोकले हे ठाऊक असेल तरच नांग्या मोजता येतात. आधीची नोंद नसेल, तर मॉडेल कितीही हुशार असो, ते अंदाजच सांगणार.

म्हणून बंदरांबाहेर दर महिन्याला बारीक जाळं ओढा. कोपेपॉड मोजा. समुद्र स्वच्छ असताना मोजा, आणि ती वही कोळीवाड्यात उघडी ठेवा.