न पाहणारा गुरू

छत्रीबागेतल्या घरी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी शाडूत वडिलांचा अर्धपुतळा घडवायला बसलो. गुरू मोबाइलच्या पडद्यावरचा. लाकडी सांगाड्याला तार गुंडाळावी, डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर घ्यावेत, काम थांबवताना ओले फडके झाकावे; सारे त्याने नीट सांगितले. शंभरदा विचारले तरी न चिडता सांगितले. मात्र माझी चूक त्याला दिसत नव्हती.

एकलव्याचा गुरू मातीचा होता. त्यालाही शिष्य दिसत नव्हता. तरी शेवटी अंगठा द्यावा लागला. शिल्पकाराचे तर अंगठा हेच हत्यार. पडद्यावरचा गुरू काहीच मागत नाही. मग आपण ऋणमुक्त झालो काय?

इंदूरपासून जवळच धारला राहिलेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवला. लोकमान्य १९२० साली गेले. पुतळा उभा राहिला तेव्हा त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली हजारो माणसे हयात होती. फडक्यांचे खरे परीक्षक तेच.

माझी परीक्षक आई. ती म्हणाली, “नाक जमलं रे. पण हे असे रागावून कधी बघत नसत.”

मी गप्प झालो. मी घडवले ते मला धाक वाटणारे वडील. तिला ठाऊक असलेला माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. हात पडद्यावरून शिकता येतो. पण दुसऱ्याचा चेहरा घडवणाऱ्याने ‘हा तो नव्हे’ म्हणणाऱ्यापुढे काम ठेवलेच पाहिजे. दक्षिणा म्हणायची ती हीच.

मी अंगठ्याने भुवया मोडल्या आणि आईला म्हटले, “बस इथे. सांग, कसे बघत?”