पाऊस बांध ओळखत नाही



मृग तोंडावर आला की आपल्या चांदवड भागातल्या शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. सह्याद्रीने ढग अडवल्यावर उरलेला पाऊस आपल्या वाट्याला येतो. वाडवडिलांनी मुरमाड जमिनीत तेवढ्याच पावसावर बाजरी पिकवली. बाजरीबरोबर ते तूर, मटकी, हुलगा पेरीत. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागे. ज्याच्याकडे एकच बैल, तो शेजाऱ्याशी सावड करी. हस्ताचा पाऊस झाला तरच रब्बीची आशा.

संत याकोब आपल्या पत्रात पहिल्या व शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहणारा शेतकरी दाखवतात. त्यांच्या देशात पहिला पाऊस शरदात येई, शेवटचा वसंतात. महिने वेगळे, पण वाट पाहणे तेच.

१९७२ च्या दुष्काळानंतर दिवस पालटले. विहिरी खोल गेल्या, बोअर आले, कांदा आणि द्राक्षे आली. त्यावर मुलांची शिक्षणे झाली. देवाचे आभारच मानू या. प्लास्टिक अंथरलेली शेततळीही आली. पण काही तळी पावसाने नव्हे, बोअरच्या पाण्याने भरतात. खडकाच्या भेगांतले पाणी सातबारा पाहत नाही. वरच्या शेतातले तळे भरते आणि खालच्या भावाची विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठते.

स्वर्गीय पिता चांगल्या-वाईट सर्वांच्या शेतात पाऊस पाडतो, असे प्रभू येशू शिकवतो. त्याने सर्वांना दिलेले पाणी मोठ्या पंपाच्या जोरावर आपण एकट्याचे करावे का?

उत्पत्तीच्या पुस्तकातला इसहाक आठवा. गरारच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांनी खणलेल्या विहिरींवरून दोनदा भांडण झाले. माणसे आणि बळ असूनही तो भांडला नाही; पुढे जाऊन त्याने तिसरी विहीर खणली. तिच्यावरून भांडण झाले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे मोकळी जागा.

बंधूंनो, यंदा तळे भरायचे ते पावसाळ्यात, वाहून जाणाऱ्या पाण्याने भरा. नवा बोअर घेण्याआधी शेजाऱ्याशी बोला. उन्हाळ्यात आपल्या विहिरीला पाणी असेल, तर त्याच्या घराला आणि जनावरांना त्यातला वाटा द्या. बांधावरून अबोला असेल, तर वेदीपाशी येण्याआधी तो मिटवा.

हे प्रभो, आम्हाला वेळेवर पाऊस दे, आणि तो वाटून घेण्याचे मन दे. आमेन.