ओहोटीची परवानगी

वाट खुली असली, म्हणजे त्या वाटेने जाण्याचा अधिकारही आपल्याला मिळतो काय? इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न बेटाकडे निघालेल्या यात्रेकरूंनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

इ. स. ६३५ मध्ये संत एडन यांनी या बेटावर मठ स्थापिला. पुढे संत कथबर्ट येथील बिशप झाले. दिवसाकाठी दोनदा भरती येते आणि १९५४ साली खुला झालेला रस्ता पाण्याखाली जातो. बेटावरची वस्ती जेमतेम दीडशेच्या आसपास, तर दर वर्षी येणारे पाहुणे लाखोंनी मोजावे लागतात.

ओहोटीने वाळू उघडी पडली, की आपली वाट मोकळी होते. परंतु तीच वेळ पक्ष्यांच्या भोजनाची असते. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डहून आलेले ब्रेंट हंस त्या चिखलात उगवलेले सागरी गवत खातात. माणसाच्या चाहुलीने थवा उडाला, तर अन्नातून मिळवलेली शक्ती त्या उड्डाणात खर्ची पडते. आम्ही प्रार्थनेसाठी आलो आहोत, असे आपण म्हणू. पण हंसाला भाविक आणि भटक्या यांतला भेद कळत नाही. आपला हेतू पवित्र असला, म्हणून दुसऱ्याची हानी कमी होत नाही.

मग कोणी जाऊच नये काय? तसेही नाही. पाहुण्यांमुळे बेटावरच्या अनेक घरांची चूल पेटते. शिवाय आतिथ्य हा मठवासीयांचा जुना धर्मच आहे. मात्र यजमानाने दार उघडले, म्हणून पाहुण्याची मर्यादा संपत नाही.

संत कथबर्ट जवळच्या इनर फार्न बेटावर एकांतात राहत असत. इ. स. ६८७ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. संत बीड यांनी त्यांच्या चरित्रात एक प्रसंग नोंदविला आहे. कथबर्टांनी पेरलेले सातू पक्षी खाऊ लागले. तेव्हा संतांनी त्यांना बजावले, की देवाची परवानगी असेल तर खुशाल खा, नसेल तर निघून जा. पक्षी निघून गेले.

आज ते शेत पक्ष्यांचे आहे आणि आगंतुक आपण आहोत. त्यामुळे तो प्रश्न आता आपल्याला लागू पडतो. ठरलेल्या वाटेने चालणे, थव्यापासून दूर राहणे, भरतीपूर्वी परतणे, इतकेच त्याचे उत्तर असू शकेल. मुलांना तीर्थस्थळी नेताना प्रार्थनेबरोबर एवढी शिस्तही आपण त्यांना शिकवावी. ज्याने आपल्याला घडविले, त्यानेच त्या हंसांनाही घडविले आहे.