आज्ञा आणि अंतर

‘रोबो’साठी मराठीने ‘यंत्रमानव’ हा शब्द घडवला आणि त्या घडणीतच यंत्राला हातपाय, डोके व चेहरा असणार हे गृहीत धरले गेले. मूळ शब्दाचा रोख मात्र आकारावर नव्हता. चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे 1920 साली लिहिलेले नाटक 1921 च्या जानेवारीत प्रागच्या रंगभूमीवर आले. त्यासाठी हा शब्द त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचवला होता, आणि तो ज्या ‘रोबोटा’वरून आला त्याचा अर्थ जमीनदारासाठी सक्तीने करावी लागणारी मजुरी, म्हणजे मराठीतली वेठ, असा होतो. चापेक यांचे रोबो धातूचे नव्हते. ते कृत्रिम जैव द्रव्यापासून कारखान्यात तयार केलेले, दिसायला माणसासारखेच कामगार होते, आणि अखेरीस वेठ झुगारून ते मानवजातीचा संहार करतात. ‘यंत्रमानव’ऐवजी वेठीची आठवण देणारा एखादा ओबडधोबड शब्द रूढ झाला असता, तर तो कानाला तितकासा गोड लागला नसता, पण या कल्पनेच्या मुळाशी रूपाचा प्रश्न नसून आज्ञेचा आहे, हे वाचकाच्या ध्यानात पहिल्यापासून राहिले असते.

आज्ञेचा हा प्रश्न भीतीच्या कक्षेतून काढून तर्काच्या कक्षेत आणण्याचे श्रेय आयझॅक असिमोव्ह यांना द्यावे लागते. 1942 साली प्रसिद्ध झालेल्या ‘रनअराउंड’ या कथेत त्यांनी रोबोसाठीचे तीन नियम प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडले: माणसाला इजा करू नये किंवा होऊ देऊ नये, या नियमाला बाध येत नसेल तोवर माणसाची आज्ञा पाळावी, आणि या दोन्हींना बाध येत नसेल तोवर स्वतःचे रक्षण करावे. या कथेतला रोबो बंड करत नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य आहे. बुध ग्रहावर सेलेनियम आणण्यासाठी त्याला पाठवले जाते, पण आज्ञा सहजपणे दिलेली असल्यामुळे तिचा जोर कमी पडतो, तर रोबो महागडा असल्यामुळे आत्मरक्षणाचा नियम त्याच्यात मुद्दाम बळकट केलेला असतो. परिणामी धोक्याच्या जागेपाशी दोन्ही प्रेरणा समसमान होतात आणि तो त्या जागेभोवती नुसत्या घिरट्या घालत राहतो. शेवटी एका माणसाला स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो, तेव्हा कुठे पहिला नियम जागा होऊन हे चक्र तुटते. आज्ञाधारक यंत्र आज्ञाधारक राहूनच अडकून पडू शकते, हा विचार बंडाच्या कल्पनेहून कितीतरी सूक्ष्म होता.

वास्तवातला पहिला औद्योगिक रोबो, ‘युनिमेट’, 1961 मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. तो केवळ एक यांत्रिक हात होता आणि ठरवून दिलेल्या हालचाली तेवढ्या करत होता. विज्ञानकथेच्या वाचकाला तिथे फारसे काही सापडण्यासारखे नव्हते. त्याच्या ओळखीचे प्रश्न परतले ते यंत्र पृथ्वी सोडून दूर गेले तेव्हा.

17 नोव्हेंबर 1970 रोजी सोव्हिएत संघाची ‘लुनोखोद 1’ ही आठ चाकांची गाडी चंद्रावर उतरली आणि तिला पृथ्वीवर बसलेला चालकांचा चमू रेडिओ संदेशांनी हाकू लागला. ही गाडी म्हणजे कळसूत्री बाहुली होती. फरक इतकाच की सूत्र पावणेचार लाख किलोमीटरहून लांब होते आणि ओढल्याक्षणी ते बाहुलीपर्यंत पोहोचत नव्हते. चंद्रापर्यंत जाऊन परत यायला संदेशाला सुमारे अडीच सेकंद लागतात आणि चालकांना दिसणारी चित्रेही सलग नसून काही सेकंदांच्या अंतराने येणारी होती. समोरचा खड्डा दिसेपर्यंत गाडी थोडी पुढे सरकलेली असे. तरीही हे अंतर माणसाच्या सावधपणाने भरून काढता येण्याजोगे होते, आणि त्या चमूने सुमारे दहा महिन्यांत ती गाडी दहा किलोमीटरहून अधिक चालवली.

मंगळाच्या बाबतीत सूत्रच तुटते. पृथ्वी आणि मंगळ यांच्या परस्पर स्थानांनुसार प्रकाशाला एका दिशेने जाण्यास सुमारे 3 ते 22 मिनिटे लागतात. ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी 6 ऑगस्ट 2012 रोजी मंगळावर उतरली तेव्हा संदेश पोहोचण्यास जवळपास 14 मिनिटे लागत होती आणि वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा प्रवास जेमतेम 7 मिनिटांचा होता. म्हणजे ती वातावरणात शिरल्याची वार्ता पृथ्वीवर आली, त्या क्षणी तिचे जे काही व्हायचे ते होऊन सात मिनिटे उलटली होती. अशा ठिकाणी आज्ञा आधीच देऊन ठेवावी लागते आणि ती पाळताना येणारे सगळे निर्णय यंत्रावर सोपवावे लागतात. कथाकारांनी यंत्राला स्वातंत्र्य दिले ते त्याच्या ठायी इच्छा जागी झाल्यामुळे. प्रत्यक्षात ते त्याला मिळाले ते प्रकाशाचा वेग मर्यादित असल्यामुळे. सबंध विज्ञानकथेत या साध्या भौतिक कारणाइतके निर्णायक कारण क्वचितच कुणाला सुचले असेल.

असिमोव्ह यांच्या कथेचे सर्वांत जवळचे वास्तव रूपही मंगळावरच सापडते. ‘स्पिरिट’ ही गाडी जानेवारी 2004 मध्ये तेथे उतरली आणि तीन आठवड्यांच्या आतच, 21 जानेवारीला, तिच्याशी नीट संपर्क होईनासा झाला. प्रवासात आणि उतरल्यानंतर तिच्या फ्लॅश स्मृतीत, म्हणजे वीज बंद झाल्यावरही माहिती टिकवणाऱ्या साठ्यात, इतक्या फाइली जमल्या होत्या की त्यांची नोंद हाताळायला संगणकाची कार्यकारी स्मृती पुरेना. अडचण येताच संगणक स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होई, कारण तसे करण्याचीच त्याला शिकवण होती; आणि सुरू होताच तीच फाइलींची रास समोर येऊन तो पुन्हा बंद पडे. रात्री झोपी जाऊन वीज वाचवण्याऐवजी ती गाडी जागी राहून बॅटरी रिकामी करत होती. बुधावरच्या त्या घिरट्या आणि मंगळावरचे हे जागरण यांत तत्त्वतः फरक नाही. फरक सुटकेत आहे: कथेतला माणूस स्वतः उन्हात चालत गेला, तर येथे कुणालाच जाणे शक्य नव्हते, म्हणून अभियंत्यांनी लक्षणांवरून रोग ओळखला आणि फ्लॅश स्मृतीकडे न पाहता सुरू हो, एवढी आज्ञा पाठवली. गाडी शुद्धीवर आली आणि पुढे सहा वर्षे काम करत राहिली.

चांद्रयान-3 मध्ये आज्ञेची ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसतात. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी ‘विक्रम’ उतरू लागला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 1.68 किलोमीटर होता. पृथ्वीवरून विचारणा करून उत्तर येईपर्यंत त्याने चार किलोमीटरहून अधिक अंतर कापले असते, त्यामुळे तो संपूर्ण उतार त्याच्या स्वतःच्या गणितावर सोडलेला होता. उलट चारच दिवसांनी, 27 ऑगस्टला, 26 किलो वजनाच्या ‘प्रज्ञान’ला तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आढळला तेव्हा पृथ्वीवरून आज्ञा गेली आणि ते आल्या वाटेने मागे फिरले. सेकंदाला एखादा सेंटीमीटर चालणाऱ्या गाडीसाठी माणसाला विचार करायला भरपूर वेळ होता. किती स्वातंत्र्य द्यायचे हे यंत्राच्या हुशारीपेक्षा वेग आणि अंतर यांच्या प्रमाणावर ठरते, हे या दोन प्रसंगांतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सिद्धांतातून होत नाही.

मराठी वाचकाच्या मनात या विषयाचे नाते जयंत नारळीकर यांच्याशी जोडलेले आहे. ‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबरीतला यंत्रमानव चापेक यांच्याच वंशातला आहे. आज्ञेत ठेवलेली बुद्धी निर्मात्याला पुरून उरेल की काय, हीच तिच्यातलीही धास्ती आहे. खगोलशास्त्रज्ञाने मराठीत लिहावे आणि पुराणातल्या बटूची गोष्ट, जो मागतो तीन पावले आणि व्यापतो त्रिभुवन, तिला यंत्रयुगात आणून बसवावे, ही मराठीला लाभलेली मोठी देणगी होय. ही धास्ती आज जुनी ठरलेली नाही. मात्र अंतराळयानांचा इतिहास तिच्याशेजारी दुसरी एक चिंता आणून ठेवतो, ती म्हणजे दूर गेलेल्या यंत्राची.

या चिंतेचे उत्कट दर्शन फेब्रुवारी 2019 मध्ये घडले. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेली ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी चौदा वर्षांहून अधिक काळ टिकून आणि 45 किलोमीटर चालून जून 2018 मधील धुळीच्या वादळात गप्प झाली होती, आणि हजाराहून अधिक संदेश पाठवूनही उत्तर न आल्याने तिची मोहीम संपल्याचे जाहीर झाले. बॅटरी उतरली आहे आणि अंधार होत आहे, अशा अर्थाचे तिचे म्हणून एक वाक्य तेव्हा जगभर फिरले. गाडीने पाठवले होते ते विजेचे आणि वातावरणातील धुळीचे आकडे; वाक्य एका वार्ताहराने त्या आकड्यांचा अर्थ सांगताना लिहिले होते. अनेकांनी नंतर हा भाबडेपणा म्हणून निकालात काढला, पण तसे करणे अन्यायाचे आहे. त्या आकड्यांचा अर्थ खरोखरच तो होता. चेहरा नसलेल्या गाडीसाठी लोक हळहळले, आणि यंत्राला आपले म्हणण्यासाठी त्याने माणसासारखे दिसले पाहिजे, ही ‘यंत्रमानव’ शब्दात दडलेली अट त्या दिवशी गळून पडली.

‘व्हॉयेजर 1’ची गोष्ट याहून पुढे जाते. 1977 मध्ये निघालेल्या या यानाकडून नोव्हेंबर 2023 पासून अर्थहीन माहिती येऊ लागली. माहिती जुळवून पाठवणाऱ्या त्याच्या संगणकातील स्मृतीची एक चिप निकामी झाली होती आणि तिच्यातील कार्यक्रम एकत्र मावेल एवढी सलग जागा दुसरीकडे कुठेच शिल्लक नव्हती. अभियंत्यांनी त्या कार्यक्रमाचे तुकडे केले, ते स्मृतीत जिथे जागा मिळेल तिथे विखरून ठेवायचे ठरवले आणि तुकडे एकमेकांना सापडावेत म्हणून त्यांचे पत्ते बदलले. 18 एप्रिल 2024 रोजी पहिली आज्ञा निघाली. ती पोहोचायला साडेबावीस तास लागणार होते आणि उत्तर यायला तेवढेच, म्हणून पाठवणाऱ्यांना दोन दिवस वाट पाहण्याखेरीज काही करता येण्यासारखे नव्हते. 20 तारखेला उत्तर आले. आज्ञा पाळली गेली होती आणि यान पुन्हा आपली प्रकृती कळेल अशा भाषेत सांगू लागले होते. त्या संभाषणाच्या काळातही ते सूर्यापासून दर सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर दूर जातच होते.