उतरणाऱ्याआधी पाहणारा

२३ ऑगस्ट २०२३, निज श्रावणातली सप्तमी. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३चा लँडर विक्रम चंद्राच्या दक्षिण भागात उतरला आणि देशभर टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांमध्ये एक वाटा उतरणाऱ्याचा नव्हता. तो होता चार वर्षं वरून फिरत जमीन पाहून ठेवणाऱ्याचा.

७ सप्टेंबर २०१९ला, मध्यरात्र उलटल्यावर, चांद्रयान-२चा लँडर अगदी शेवटच्या टप्प्यात कोसळला. सगळे हळहळले. पण त्याच मोहिमेचा ऑर्बिटर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरून चंद्राभोवती फिरत राहिला. एक फेरी जेमतेम दोन तासांची. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने घडवलेला त्याचा ओएचआरसी कॅमेरा इतक्या उंचीवरून २५ सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभर आकाराचा तपशील टिपतो. एवढं बारीक पाहायचं तर नजर आखडून घ्यावी लागते. एका वेळी तीनच किलोमीटर रुंदीचा पट्टा हाती येतो. आपलं लोणारचं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर त्यात बसेल, शेजारी असं दुसरं मावणार नाही.

उन्हाची वेळही साधावी लागते. नांगरलेल्या रानात सकाळी ढेकळाढेकळाची सावली दिसते, भर दुपारी तेच रान सपाट वाटतं, चंद्राचंही तसंच. सूर्य माथ्यावर असला की विवरांचे काठ पुसट होतात. ऊन तिरपं असलं की लहानसा खडकही लांब सावली टाकतो, आणि त्या सावलीवरून त्याची उंची काढता येते. एकच जागा दोन फेऱ्यांत वेगवेगळ्या कोनांतून टिपली, की चढउतारही कळतात. अशा छायाचित्रांतून खडक आणि खड्डे पारखून चांद्रयान-३साठी ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद जागा ठरवली गेली. विक्रम उतरला त्याच दिवशी, चांद्रयान-२च्या त्याच कॅमेऱ्याने त्याचंही छायाचित्र घेतलं.

या ऑर्बिटरचं काम मुळात एका वर्षासाठी आखलेलं होतं. सोबती गेला म्हणून त्याचं पाहणं थांबलं नाही, आणि त्याने जे पाहिलं तेच पुढच्याच्या पायाखालची खात्री बनलं.

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावातही, स्वतःचा बेत हुकला तरी वाट पाहून ठेवलेले, असे कितीतरी जण असतात. पोलीस भरतीची तयारी करता करता कुणी वयोमर्यादा ओलांडतं. कुणी स्पर्धा परीक्षेसाठी शहरात जाऊन निकालाविना परततं. गाव त्यांच्याकडे हुकलेली माणसं म्हणून पाहतं. पण पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांना दम कसा राखायचा, कुठली कागदपत्रं आधी काढून ठेवायची, कोणत्या विषयात माणूस अडतो, हे तेच सांगू शकतात. ती वाट त्यांनी जवळून न्याहाळलेली असते.

आपला एखादा बेत फसला असेल, तर त्या वाटेवर जे दिसलं ते वाया जाऊ देऊ नये. खड्डा कुठे होता, उतार कुठे फसवा होता आणि पाय कुठे टेकू शकला असता, हे मागून येणाऱ्याला आज नीट सांगावं. आणि ज्याने आपल्याला असं सांगितलं होतं, त्याचं नाव आपल्या यशाच्या दिवशी मोठ्याने घ्यावं.