शिबिरानंतर काय?

खेड्यात कर्करोग उशिरा कळतो, याचे खापर आपण चटकन लोकांच्या अडाणीपणावर फोडतो. बार्शीचा अनुभव पाहिल्यावर तसे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

१९८७मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात अशी नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून होते. इथले अनेक रुग्ण दवाखान्याची पायरीच चढत नसत. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरू लागले. लोकांना जमवून लक्षणे सांगायची: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, स्तनात गाठ लागणे, तोंडातली जखम न भरणे. शंका वाटली की माणसाला बार्शीच्या रुग्णालयात पाठवायचे. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागल्या. १९९५च्या शोधनिबंधाने ही गोष्ट नोंदवली. तेव्हा तिथे सरसकट तपासणीची मोहीम नव्हती. विचारणारी माणसे पुन्हा पुन्हा गावात येत होती, आणि पुढे कुठे जायचे हे बायकांना ठाऊक झाले होते.

त्याच परिसरात पुढे मोठे काम झाले. १९९९पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच देऊ केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सोयींवर ठेवलेल्या गटात ६४. या दुसऱ्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर पुढे कडाडून टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. पण ज्या बायकांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत ते अजून पोचलेले नाही, याची बोच मला त्याहून अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणतीही तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया फक्त १.९ टक्के निघाल्या. स्तनाची आणि तोंडाची तपासणी झालेल्या तर एक टक्काही नाहीत. तिशीनंतर या तिन्ही तपासण्या कराव्यात, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१६पासून आहेत.

या तपासण्या गावात का होत नाहीत, हे पाहण्यासाठी गोदाकाठच्या पुणतांब्याचा विचार करू. त्याच राहाता तालुक्यात लोणीला प्रवरेचे मोठे रुग्णालय आहे, गावाला रेल्वे आहे. अंतर ही इथली मुख्य अडचण नव्हे. ऊस-कांद्याच्या कामावर जाणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी बुडते, सोबत यायला कोणी नसते, आणि अंगावरून जाण्याविषयी घरात कोणापाशी बोलायचे हे तिला कळत नाही. म्हणून ती दुखणे अंगावर काढते. मिश्री लावणारी सासू आणि तंबाखू मळणारा मुलगा यांच्या तोंडातला पांढरा चट्टा तर कोणाला आजारच वाटत नाही. बॅटरीच्या उजेडात तो दिसतो, आणि तंबाखू सोडली तर कर्करोगाचा धोका उतरतो.

तपासणीची शिबिरे होतात, माझा आक्षेप त्यांच्या दुसऱ्या दिवसाला आहे. संशयित निघालेली बाई लोणीला पोचली का, तिचा तुकडा काढून तपासला का, कर्करोगाच्या पूर्वावस्थेवर उपचार झाले का, हे गावात कोणी विचारत नाही. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे. हा पाठपुरावाही त्यांच्याच माथी मारायचा असेल, तर त्याचा वेगळा मोबदला आणि रुग्णासोबतचा प्रवासखर्च द्यायला हवा. हा खर्च मोठा नाही. पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगासाठी घर जमीन गहाण टाकते, तो खर्च मोठा.

२०१७चा शेतकरी संप पुणतांब्यातून उभा राहिला, कारण शेतीच्या तोट्याचा हिशेब इथल्या लोकांनी चारचौघांत मांडला. गर्भाशयमुखाचे नाव चारचौघांत घेणे त्याहून अवघड आहे, हे मला मान्य आहे. त्यासाठी महिला ग्रामसभा आहे. तिथे कोणाचेही नाव न घेता वर्षातून दोनदा तीनच आकडे सांगावेत: किती जणींना पुढच्या तपासणीसाठी पाठवले, किती जणी पोचल्या, किती जणींचे उपचार पूर्ण झाले. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात फरक पडला, तर त्या बैठकीतच गाडीची आणि सोबतीची व्यवस्था ठरवावी.