हंगामाची आवक आणि महिन्याचा खर्च

अल्पभूधारक शेतकरी कुटुंबाच्या आर्थिक ओढाताणीची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहते: उत्पन्न किती तोकडे आहे आणि खर्चाला कात्री कुठे लावता येईल. तिसरा प्रश्न त्यामानाने क्वचित विचारला जातो, तो म्हणजे पैसा घरात येतो कधी आणि घराला तो लागतो कधी. शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा विचार केला, तर घरखर्चाच्या अडचणीचा मोठा भाग या तिसऱ्या प्रश्नात सापडतो आणि काटकसरीचा उपदेश तिथे फारसा उपयोगी पडत नाही, असे दिसून येते. सरकारी व्याख्येप्रमाणे एक ते दोन हेक्टर जमीन असलेला शेतकरी अल्पभूधारक आणि एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला अत्यल्पभूधारक ठरतो. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्रच १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर होते. तेव्हा येथे ज्या घराचा विचार करायचा आहे ते अपवादात्मक घर नाही.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरांनी मोसमी ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात मोडतात. शिरूरला घोड धरणाचे आणि चासकमानच्या डाव्या कालव्याचे, तर दौंडला खडकवासल्याहून येणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी काही भागात मिळते, आणि भीमेच्या काठाने उपसा सिंचनावर ऊस उभा राहतो. पण कालव्यापासून आणि नदीपासून दूर गेले की माळरान, बाजरी आणि विहिरीच्या तळाला गेलेले पाणी यांचा प्रदेश सुरू होतो. त्यामुळे एकाच गावात, कधी एकाच भावकीत, दोन घरांची आर्थिक दिनदर्शिका सर्वस्वी वेगळी असू शकते.

घरात येणाऱ्या रकमांपैकी सर्वांत मोठी आणि सर्वांत उशिरा येणारी रक्कम उसाची. आडसाली ऊस, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावला जाणारा आणि सोळा ते अठरा महिने शेतात उभा राहणारा ऊस, भरघोस टनेज देतो म्हणून पसंत केला जातो. पण तेवढा काळ ती जमीन घराला एक रुपयाही देत नाही, उलट खते, पाणीपट्टी, खुरपणी आणि बांधणी यांसाठी पैसे मागत राहते. उदाहरणादाखल एका एकरात चाळीस टन ऊस निघाला, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,७०० रुपये हाती आले आणि लागवडीपासून ४८,००० रुपये खर्च झाला असे धरले, तर उरणारे ६०,००० रुपये सोळा महिन्यांवर विभागले असता महिन्याला ३,७५० रुपये पडतात. मात्र हा भागाकार फक्त कागदावर होतो. प्रत्यक्षात घराला पंधरा-सोळा महिने शून्य आणि नंतर एकदम एक लाख आठ हजार मिळतात, आणि ते खात्यावर येण्याआधीच त्यांतील बराचसा भाग सोसायटीचे कर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि नात्यातली उसनवारी यांच्या नावे लिहिला गेलेला असतो. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज मिळाले पाहिजे. रास्त आणि किफायतशीर दराची, म्हणजे एफआरपीची चर्चा दरवर्षी जोरात होते. चौदा दिवसांच्या अटीची तेवढी होत नाही. वस्तुतः तीन एकरांच्या घराला टनामागे शंभर रुपये वाढवून मिळण्याइतकेच महत्त्व ठरल्या दिवशी पैसे मिळण्याला असते, कारण उशिराचे व्याज कारखान्याकडून मिळो न मिळो, दुकानदाराला आणि सावकाराला ते द्यावेच लागते.

याच्या अगदी उलट टोकाला दुधाचा पैसा असतो. डेअरीकडून दर दहा दिवसांनी होणाऱ्या हिशेबाला या भागात दुधाचा पगार म्हणतात, आणि घरातला किराणा, गॅस, मोबाइलचे रिचार्ज, मुलांच्या एसटीचा पास हे सारे त्यावर चालते. दोन गाई असलेल्या घराचा निव्वळ नफा काढला आणि त्यात घरच्या माणसांच्या श्रमांची मजुरी धरली, तर अनेकदा तो नगण्य किंवा उणे निघतो. मग गोठा ठेवायचाच कशाला, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या चोख नियमाने विचारता येईल. त्याचे उत्तर असे की गोठा घराला नफ्यापेक्षा नियमितपणा देतो, आणि दर दहा दिवसांनी येणारे अडीच-तीन हजार रुपये वाण्याची उधारी वाढू देत नाहीत. तरीही या पैशातला एक धोका ओळखला पाहिजे: पशुखाद्याचे पैसे डेअरी त्याच हिशेबातून कापून घेते, त्यामुळे पगार पावतीवर मोठा आणि हातात लहान असतो, आणि गाय भाकड झाली, म्हणजे दूध देईनाशी झाली की खर्च तसाच राहून आवक थांबते. दुधाचा पैसा संपूर्णपणे मिळकत समजून खर्चणाऱ्या घराला पुढच्या गाईसाठी कर्ज काढावे लागते.

कांद्याचा पैसा या दोहोंच्या मधला आणि सर्वांत बेभरवशाचा. उन्हाळी, म्हणजे गावरान कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत निघतो आणि चाळीत, म्हणजे हवा खेळती राहील अशा साठवणगृहात काही महिने टिकतो. म्हणून ज्याला थांबणे परवडते त्याला भावाची वाट पाहता येते. थांबणे परवडणे हीच येथे खरी संपत्ती असते, कारण जूनमध्ये शाळेची फी आणि खरिपाचे बियाणे एकाच आठवड्यात समोर उभे राहिले की चाळ रिकामी करावी लागते, मग भाव काहीही असो. त्यातच धोरणाचा धक्का बसतो: डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी मे २०२४मध्ये उठवली, तोवर ज्यांना गरजेपोटी विकावे लागले त्यांच्या घरचे वर्षाचे गणित बिघडून गेले होते.

जून महिना या सर्व विचारात वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. वह्या-पुस्तके, गणवेश, फी, बियाणे, खताच्या पहिल्या हप्त्याच्या गोण्या, पावसाआधी गोठ्याचे पत्रे आणि घराची डागडुजी हे सर्व खर्च त्या महिन्यात एकत्र येतात. उसाचे पैसे तोपर्यंत देणी भागवण्यात गेलेले असतात आणि उन्हाळ्यात हिरवा चारा आटल्यामुळे दूधही कमी झालेले असते. घरातली सोन्याची वस्तू तारण जाण्याची वेळ बहुधा हीच. हा खर्च अचानक येत नाही, तो दरवर्षी त्याच महिन्यात येतो, आणि तरीही कुटुंबाच्या किंवा पतपुरवठा करणाऱ्या संस्थेच्या नियोजनात त्याला स्वतंत्र जागा नसते. जानेवारी-फेब्रुवारीत उसाचे पैसे आल्यावर त्यांतून जूनची रक्कम बाजूला काढून पतसंस्थेत मुदतठेवीत ठेवणे, हा या भागातल्या जाणत्या घरांचा साधा उपाय आहे. पण ती ठेव मोडायला भावकीतले लग्न पुरेसे होते, आणि लग्नातला आहेर टाळणे हा गावात राहणाऱ्या माणसासाठी निव्वळ पैशाचा प्रश्न नसतो, कारण अडीअडचणीला बिनव्याजी उसने मिळण्याची वाट त्याच नात्यांतून जाते.

वेळेच्या या विसंगतीतून कर्ज कसे वाढते याचा इतिहास याच भूमीत लिहिला गेला आहे. १८७५च्या दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले ते १२ मे रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे. पण सावकारावरच्या सामाजिक बहिष्काराची सुरुवात त्याआधी काही महिने शिरूर तालुक्यातील करडे गावात झाली होती. शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते आणि शेतसारा मात्र वाढवला गेला होता. त्यातच १८५९च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कर्जदाराच्या संरक्षणाचा होता, परंतु सावकार तीन वर्षे संपण्याआधी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि संरक्षणाची मुदत हीच कर्ज फुगवण्याची संधी ठरली. पुढे १८७९मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला आणि विसाव्या शतकात सहकारी सोसायट्यांनी सावकारीचा मोठा भाग मोडून काढला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

असे असले तरी तारखेचा पेच पूर्णपणे सुटलेला नाही. सोसायटीमार्फत मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या पीककर्जाला वेळेवर फेड केल्यास व्याजसवलत मिळते आणि महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे कर्ज अशा रीतीने शून्य टक्क्यांवर येते. खरीप कर्जाच्या फेडीची तारीख मात्र ३१ मार्च असते, आणि तेव्हा खरिपाचा पैसा संपलेला, कांदा अजून वाफ्यात आणि उसाचे बिल अनेकांचे यायचे असते. म्हणून मार्चअखेर नवं-जुनं केले जाते, म्हणजे काही दिवसांसाठी खासगी उसनवारी करून जुने कर्ज भरायचे आणि नवे मंजूर होताच ती उसनवारी फेडायची. या काही दिवसांसाठी द्यावे लागणारे व्याज शून्य टक्क्यांच्या हिशेबात कुठेही दिसत नाही, आणि नव्या कर्जाचे पैसे पिकावर जाण्याऐवजी जुन्याच्या फेडीत जातात. सोसायटी ही सावकार नव्हे. पण फेडीची तारीख पिकापेक्षा बँकेच्या आर्थिक वर्षाकडे पाहून ठरवली गेली, तर सद्हेतूने दिलेली सवलतही घराला पुन्हा खासगी कर्जाच्या दारात नेते.

कुटुंबाच्या हिशेबाचा पद्धतशीर अभ्यासही शिरूर तालुक्याला नवा नाही. हॅरॉल्ड मान आणि एन. व्ही. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या गावाची पाहणी करून ती १९२१मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधीच्या पुण्याजवळील पिंपळे सौदागरच्या पाहणीत मान यांनी सरासरी जमीनधारणा १७७१मधील ४० एकरांवरून १९१५पर्यंत ७ एकरांवर आल्याचे दाखवले होते. या पाहण्यांचे खरे वैशिष्ट्य वर्गीकरणात आहे: केवळ जमिनीवर ज्यांचे भागते अशी घरे, जमीन आणि बाहेरची मजुरी मिळून ज्यांचे भागते अशी घरे, आणि दोन्ही मिळूनही ज्यांचे भागत नाही अशी घरे, आणि बहुसंख्य कुटुंबे तिसऱ्या गटात निघाली. आज मधल्या गटाचा विस्तार झाला आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत घरातला एखादा मुलगा कंत्राटी कामगार असतो आणि त्याचा पगार शेतीला आधार देतो. २०१८-१९च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते, आणि त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ रुपये पिकांपासूनच्या ३,७९८ रुपयांपेक्षा अधिक होते. शेती घराला पोसते असे म्हणताना घरही शेतीला पोसते, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते.

या सर्व हिशेबांतून एक मोठी बाब सुटते, ती घरी पिकून घरीच खाल्ल्या जाणाऱ्या धान्याची. पाच माणसांच्या घराला भाकरीसाठी वर्षाला सहा क्विंटल बाजरी-ज्वारी लागते आणि दुकानात तिचा भाव किलोला ३० रुपये आहे असे धरले, तर तो १८,००० रुपयांचा खर्च कणगीने वाचवलेला असतो, शिवाय सरमाड आणि कडबा जनावरांना मिळतो. पाणी आले की हेच वावर उसाखाली जाते. एकूण उत्पन्न त्याने वाढते यात शंका नाही. पण पीठ, डाळ आणि चारा हे सर्व आता रोखीने आणि दर महिन्याला घ्यावे लागते, तर ऊस दीड वर्षाने पैसे देतो. अर्धा एकर तरी खाण्यापुरते ठेवा, असा घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा आग्रह असतो आणि तो जुन्या वळणाचा म्हणून बाजूला सारला जातो. रोख रकमेच्या प्रवाहाच्या दृष्टीने पाहिले तर तो आग्रह पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

घराची तिजोरी प्रत्यक्षात सांभाळते ती स्त्रीच, आणि तिच्या हाती येणाऱ्या पैशाच्या वेळेचे महत्त्व अलीकडच्या योजनांवरूनही दिसते. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच रुपये हप्त्याहप्त्यांनी, सातबारावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात येतात, आणि साहजिकच ते खतात किंवा मोटारीच्या दुरुस्तीत जिरतात. जुलै २०२४पासूनचे लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये महिन्याच्या हिशेबाने आणि तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, म्हणून ते किराणा आणि औषधे यांच्या तारखांशी जुळतात. अशा योजनांच्या राजकीय हेतूंबद्दल मतभेद असू शकतात, पण नियमित रक्कम आणि तिच्या नावाचे खाते यांचा उपयोग नाकारता येत नाही. पीककर्जाच्या बाबतीत मात्र ती अजून बाहेरच आहे, कारण सोसायटीचे सभासदत्व जमिनीच्या नोंदीशी बांधलेले आहे. शेजारच्या खेड तालुक्यातील आंबेठाणला स्वतः कोरडवाहू शेती करून शेतमालाच्या उत्पादनखर्चाचा प्रश्न ऐरणीवर आणणाऱ्या शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तिच्यात शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन होते, आणि नंतर सातबारावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय शासनानेही केली. शिरूर-दौंडच्या विकास सोसायट्यांनी आपल्या सभासद-यादीत अशा सहधारक स्त्रियांना घेतले, फेडीची तारीख गावातल्या प्रत्यक्ष पिकाच्या काढणीनंतर ठेवली आणि जूनसाठी घरखर्चाची वेगळी लहान मर्यादा दिली, तर त्यासाठी नवा निधी फारसा लागणार नाही. नियमांत दुरुस्ती लागेल, आणि ती मागण्याचे काम सोसायटीच्या वार्षिक सभेत होऊ शकते, जिथे आज मुख्यतः पुरुषच बसलेले असतात.